संवाद कुणी घालायचे?

चौकात मोठा पडदा लागला तेव्हा लोकांना वाटलं, मॅच दाखवणार. दाखवले दोन म्हातारे. टेबलाच्या अल्याड एक, पल्याड एक, मध्ये चहाचा एकच कप. कपाला कुणी हात लावत नाही, एकमेकांकडे बघत नाही. शेवटी डावीकडचा उठून जातो, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. खाली पाटी: ‘व्हिडिओ-कला आपल्या चौकात. नागरिकांमध्ये संवाद घडावा म्हणून.’

न्हाव्यानं पाटी वाचली आणि कलाकार बाईंनाच गाठलं. “बाई, संवाद ऐकूच येत नाहीत. आवाज बिघडलाय.”

“आवाज नाहीच आहे. मौन हाच संवाद आहे.”

“असलं आमच्या दुकानात बारा महिने चालतं,” शेजारच्या शिंपीणवहिनी म्हणाल्या. “तेही पडद्याशिवाय.”

वहिनींना बोलायचा हक्क होता. नवरा शिंपी, दीर घड्याळजी. पडद्यासमोरच्या एकाच गाळ्यात मध्ये फळी ठोकून बसतात. फळी ठोकताना कुणाच्या बाजूला सरकली, यावरून बोलणं बंद पडलं ते पडलंच. तेव्हापासून सगळं टपाल वहिनींकडे. “अगं, तुझ्या दिराला सांग, जाताना दिवा मालव.” “वहिनी, तुमच्या यजमानांना सांगा, ऐकू आलं.” या अबोल्यात नफा कुणालाच नव्हता, तरी दोघं भांडवल घालतच होते.

आता धाकट्यानं दुसऱ्या बाजारात गाळा घेतला होता. खोकी बांधून तयार, सोमवारी टेम्पो. थोरल्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण ‘जाऊ नकोस’ हे बायकोकरवी सांगण्यात कमीपणा, आणि स्वतः सांगण्यात त्याहून.

इकडे न्हाव्यानं ठरवलं, संवाद नाहीत तर आपण घालू. तो दोन्ही म्हाताऱ्यांचे आवाज काढायचा, लोक पोट धरून हसायचे. कलाकार बाई तक्रार घेऊन महापालिकेच्या अधिकाऱ्याकडे गेल्या. त्यानं गर्दीचे फोटो काढले आणि म्हणाला, “घडतोय की संवाद.”

रविवारी संध्याकाळी न्हाव्याचा घसा बसला. “शिंपीदादा, आज उजवा म्हातारा तुम्ही घ्या.”

शिंपी खाकरला. “चहा घे. निवतोय.”

डाव्याचं कुणी बोलेना. मग फळीपलीकडून आवाज आला, “आधी मोठ्यांनी घ्यावा.”

“घेतला की म्हणशील, माझ्या वाटचा घेतला.”

“घेतलाच होता. चार बोटं.”

“फळी सरळच होती. भिंत वाकडी आहे.”

“केसाएवढ्या काट्यांत दिवस जातो माझा. सरळ-वाकडं मला कळतं.”

“तेवढं सोडून बाकी काही कळत नाही, हेच रडगाणं आहे.”

लोक हसले. पडद्यावरचा डावा म्हातारा उठला. शिंप्यानं काढलेला म्हाताऱ्याचा आवाज कुठल्या कुठे गेला. “अरे, कुठं चाललास? जाऊ नकोस.”

आता कुणी हसलं नाही. घड्याळजी फळीच्या या बाजूला आला, पडद्याकडे बघत राहिला. म्हातारा कडेपर्यंत पोचला होता.

“साखर आणायला चाललोय, दादा. बस तू.”

“पण तो परत येत नाही,” कलाकार बाई कळवळून म्हणाल्या. “तोच तर सगळा अर्थ आहे.”

“तुमचा जाऊ दे हवा तिथं,” वहिनी म्हणाल्या. “आमचा राहतोय.”

सोमवारी टेम्पो दारात आला. “वहिनी, टेम्पोवाल्याला सांगा,” धाकटा म्हणाला, “गरज नाही म्हणावं.”

“तुम्हीच सांगा. तोंड उघडलंच आहे तर.”