सातवीच्या बाई

फळ्यावर उत्तर लिहून विजयमालाबाई वळल्या, तेव्हा मागची दोन मुलं तोंड दाबून हसत होती. खुर्चीवर बसलेले दिपोटीसाहेब मात्र हसत नव्हते. शाळातपासणीला आलेले ते साहेब फळ्याकडे बघत होते.

"आठ माणसं पंधरा दिवसांत विहीर खणतात, तर दहा माणसांना पावणेएकोणीस दिवस?" त्यांनी विचारलं. "माणसं वाढली आणि दिवसही वाढले?"

आधीच्या गावची शाळा बाईंच्या डोळ्यांपुढे आली. नवरा पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला आणि त्या मास्तरीण झाल्या. तिथले हेडमास्तर वर्गाच्या दारात येऊन उभे राहत, त्यांचं वाक्य मधेच तोडत आणि मुलांना म्हणत, "हं, आता नीट ऐका." दोन वर्षांत बाईंचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जाईनासा झाला. 'बाराखडीपुरत्या ठीक' एवढीच ख्याती घेऊन त्या कोरेगावच्या पूर्वेकडच्या या गावी आल्या होत्या. इथल्या तात्याबा गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात त्यांना सातवी दिली.

"मला न्हाई जमायचं, गुरुजी."

"जमतंय का न्हाई, ते वर्गात कळंल. हितं बसून कसं कळायचं?"

बाईमाणूस सातवीला कशी, म्हणून गावातले चार जण विचारायला आले. गुरुजींनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. ते स्वतः बाईंच्या वर्गात कधी डोकावले नाहीत. बाई काही अडलं म्हणून गेल्या, तर मात्र हातातलं काम बाजूला सारत.

"हेडमास्तर, सांगा यांना," दिपोटीसाहेब आता म्हणाले.

दारापाशी उभे असलेले तात्याबा गुरुजी जागचे हलले नाहीत. "बाई बघतील, साहेब. जरा थांबू या."

बाईंना फळ्यावरचे आकडे धड दिसेनात. मग त्यांना सासरची विहीर आठवली. भावकीतली माणसं मदतीला उतरली, तेव्हा काम किती भराभर उरकलं होतं. त्यांनी उत्तर पुसलं.

"मुलांनो, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. आवाज कापला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. "कुठं चुकलं, कोण सांगेल?"

बरेच हात वर झाले. मघाशी हसणारी दोन्ही मुलंही त्यात होती. बाईंनी एकाला उभं केलं आणि गणित पुन्हा पहिल्यापासून मांडलं. बारा दिवस आले.

दुपारी ऑफिसात जे बोलणं झालं, ते बाईंना पुढे शिपाई केरबाकडून कळलं. दिपोटीसाहेब म्हणाले होते, "सातवीचं हे फायनल परीक्षेचं वर्ष आहे. या बाईंना खाली बिगरीला टाका."

"आपली चूक त्यांनी भर वर्गात कबूल केली, साहेब. पोरांनी ह्याच्याहून येगळं काय शिकायचं?"

"मी सांगतोय ते करा."

"वर्ग बदलणार न्हाई," गुरुजी म्हणाले होते.

दिवाळीनंतर गुरुजींची लांब जतकडे बदली झाली. पेन्शन जवळ आली होती, घरी बायकोला दमा होता. बाई त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. गुरुजी सुतळीनं वळकटी बांधत होते.

"माझ्यापायी झालं हे."

"माझ्या बोलण्यापायी झालं. तुमी ते वझं घिऊ नका." त्यांनी गाठ ओढून बघितली. "आन् उद्या मोटारीवर पोचवायला यायचं न्हाई. तास हाय तुमचा."

त्याच संध्याकाळी नव्या हेडमास्तरांनी बाईंना बोलावलं.

"उद्यापासून तुम्ही बिगरी घ्या. साहेबांची तशी इच्छा आहे."

"लेखी हुकूम आहे का?"

"हुकूम नाही. पण साहेब बोलले की झालं."

बाईंनी पदर सावरला. "मग परीक्षा होईपर्यंत सातवी माझ्याकडंच राहील. तुम्ही वर्गात येऊन बसा, रोज बसा. काही कमी दिसलं तर मला इथं सांगा, मी ऐकेन. मुलांसमोर नाही ऐकणार."

"बघू," हेडमास्तर एवढंच म्हणाले.

सकाळी ते खरंच आले आणि मागे खुर्ची टाकून बसले. बाईंनी चक्रवाढ व्याजाचं गणित घातलं. ते निम्म्यावर आलं असताना पारापाशी मोटारीचा भोंगा वाजला. मुलांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"गुरुजी चाललं," कोणीतरी हळू म्हणालं.

बाईंनीही बघितलं. खिडकीतून रस्त्याचा तुकडा तेवढा दिसत होता. मोटार त्यातून झर्रकन गेली. टपावरच्या सामानात एक वळकटी होती. ती गुरुजींची की आणखी कोणाची, ते कळलं नाही. मागे धूळ उरली. ती खाली बसेपर्यंत मागच्या खुर्चीवरच्या हेडमास्तरांनी मुलांना टोकलं नाही.

"हं," बाई म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षाचं मुद्दल किती धरायचं?"