छापलं नव्हतं

बातमीदाराची आणि मास्तरांची ओळख झाली ती सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर. मास्तर तिथेच राहायचे. एके काळी नाटकांच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवलेली. आता साठी उलटलेली, सगळा संसार एका कापडी पिशवीत, आणि क्लॅरिनेट मात्र जुन्या मफलरमध्ये गुंडाळून उशाशी. बातमीदार गेला होता वाचनालयाच्या गळक्या छपराची बातमी करायला. सूर ऐकून टेकला, तो दोन तास उठलाच नाही.

पुढे वर्षभर तो जात राहिला. त्याने मास्तरांवर सात लेख लिहिले. ते वाचूनच मास्तरांची थोरली बहीण शोधत आली. पंधरा वर्षांनी भाऊ दिसला म्हणून हमसून हमसून रडली, घरी चल म्हणाली. मास्तर म्हणाले, "बघू."

ते 'बघू' कशापायी होतं, हे बातमीदाराला एका दुपारी कळलं. वाद्याची पत्ती ओठांत ओली करता करता मास्तर म्हणाले, "आई जायला टेकली होती ना, तेव्हा मला दौऱ्यावर निरोप मिळाला होता. मी दवाखान्यात गेलोही होतो. वॉर्डच्या दारापर्यंत. आत ती माझं नाव घेत होती, ऐकू येत होतं. पण माझं पाऊलच उचलेना. तसाच परत फिरलो, आणि मग घरी जायला तोंडच उरलं नाही. ताईला वाटतं, निरोप पोचलाच नाही. तिला तसंच वाटू दे. हे छापू नकोस, बरं का."

"छे हो, छापतोय कसला," बातमीदार म्हणाला. आणि खरंच, त्याने ते छापलं नाही.

मग लेखांवर सिनेमा करायचं ठरलं. पटकथा लिहिणाऱ्या बाई हुशार होत्या. दुसरा चहा झाल्यावर म्हणाल्या, "सगळं छान आहे हो, पण हा माणूस घर सोडून का जातो? तेच कळत नाही. तुम्हाला तरी माहीत आहे का?"

माहीत नाही म्हणणं बातमीदाराच्या जिवावर आलं. वीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस! "तुमच्यापुरतं सांगतो," म्हणत त्याने सगळं सांगून टाकलं. बाईंनी वही बंद केली होती, तेवढ्यावर त्याने मनाची समजूत घातली. दोन महिन्यांनी पटकथा हातात आली, तर वॉर्डचं दार त्रेचाळिसाव्या पानावर होतं. बाईंना फोन करायचा, मास्तरांच्या कानावर घालायचं, असं त्याने रोज ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं.

पहिला खेळ दुपारी होता. बहिणीने आणलेला नवा शर्ट घालून मास्तर आले. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला बातमीदार. पडद्यावर वॉर्डचं दार आलं, तेव्हा ताई रडत होती. मग ती रडायची थांबली.

"हे खरं आहे?" तिने हळूच विचारलं.

मास्तरांनी बातमीदाराकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. आपण भलत्याच माणसाशेजारी तर बसलो नाही ना, हे बघावं तसं पाहिलं.

"आईनं शेवटी विचारलं मला, आला का गं तो?" ताई पडद्याकडे बघतच बोलत होती. "मी म्हटलं, आई, त्याला निरोपच नाही मिळाला. शपथेवर सांगितलं रे तिला."

दिवे लागले. व्यासपीठावरून बातमीदाराचं नाव पुकारलं गेलं. न जाण्याइतकं बळ त्याच्यात नव्हतं. वर जाऊन त्याने पाठ केलेलं भाषण म्हटलं. त्यात मैत्रीवर आणि विश्वासावर चार वाक्यं होती, तीही गाळली नाहीत. टाळ्या पडल्या. खाली उतरला तेव्हा शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायऱ्यांवर गेला. "मास्तर, मी छापलं नव्हतं."

"हो. छापलं नाहीत तुम्ही."

इतके दिवस अरे-तुरे करणारा माणूस 'तुम्ही' म्हणाला, आणि बातमीदाराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "शिव्या घाला मला, मास्तर. दोन थोबाडीत मारा."

"मी कोण मारणार? मीही फसवलंच की तिला." मास्तर पत्तीकडे बघत राहिले. "पण कधीतरी माझ्या तोंडानं सांगितलं असतं. तेवढं एक माझ्याकडे शिल्लक होतं." मग ते वाजवायला लागले. बस म्हणाले नाहीत, की जा म्हणाले नाहीत.

तीन आठवडे ताई फिरकली नाही. चौथ्या आठवड्यात आली ती कमरेला पदर खोचूनच. वाचनालयाच्या पहारेकऱ्याने नंतर बातमीदाराला सांगितलं, "मास्तरांच्या ताई म्हणाल्या, इथे येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर धड भांडताही येत नाही. घरी चल, तिथे भांडू. तर गेले की मुकाट्यानं!"

महिनाभराने बातमीदार पत्ता काढून ताईच्या घरी गेला. तिसरा मजला. काय बोलायचं ते जिना चढताना तीनदा जुळवलं. दार ताईने उघडलं, अर्धंच.

"मास्तर आहेत?"

"झोपलाय तो."

आतून क्लॅरिनेट ऐकू येत होती. एक तान वर चढायची, एका सुरापाशी अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून. दोघांनीही ती ऐकली. ताईने नजर हलवली नाही.

"बरं," बातमीदार म्हणाला. "झोपू दे."