ओळखीच्यांना जागा नाही

ओदालिसने शिलाई मशीनच्या पेडलवरचा पाय उचलला, ओठांत धरलेल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि फोनवरचं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"हे तिसऱ्यांदा," फिओर कॉफीचा कप खाली ठेवत म्हणाली. "त्या गणवेशाला दुसरी बाही कधी लावणार? पोरगं एका बाहीनेच शाळेत जायचं."

"गप बस गं. आता ऐक, इथून."

दुपारची लाइट गेलेली होती. सांतियागोच्या त्या गल्लीत लाइट गेली की पंखे, टीव्ही आणि कोपऱ्यावर तांदळापासून बीअरपर्यंत सगळं विकणाऱ्या कोलमादोचे ते भले थोरले कर्णे एकदम मुके व्हायचे. ओदालिसचं मशीन पायाचं, त्यामुळे तिला त्याचं काही सोयरसुतक नसे. तिचा जीव अडकलेला असे तो फ्रीजमध्ये.

शिवता शिवता ती दिवसभर गाणी ऐके. तीही नावाजलेल्यांची नाही. कुणी स्वयंपाकघरात फोन उभा करून गायलेलं, कुणी बस चालवून दमून आल्यावर पलंगावर बसून वाजवलेलं, असलं जे जे लोक इंटरनेटवर टाकतात आणि जे त्यांची आईसुद्धा शेवटपर्यंत ऐकत नाही, ते सगळं ती ऐके. त्यातलं एक गाणं निवडून दर शनिवारी संध्याकाळी आपल्या 'कान टवकारा' या पानावर लावी आणि ते का ऐकावं हे स्वतःच्या आवाजात सांगे. गल्लीतल्या बायकांपासून न्यूयॉर्कला जाऊन बसलेल्या भाचरांपर्यंत काही हजार माणसं तिचा शब्द मानत. मानत, कारण तिचा एक नियम होता: ओळखीच्यांना जागा नाही. तो नसता तर गल्लीतला प्रत्येक पुतण्या गवई झाला असता आणि पान केव्हाच बुडालं असतं.

आत्ताच्या या गाणाऱ्याने नाव दिलं होतं 'कुणी नाही'. उतारवयातल्या पुरुषाचा, थोडा खरखरीत पण मऊ आवाज. साधी गिटार. आणि मागे बारीक, एकसारखा ताल, टकटक टकटक.

'पलीकडे कुणी कामात आहे,' तो गात होता, 'म्हणून माझं घर रिकामं वाटत नाही.'

"देवाबद्दल असेल," फिओर म्हणाली.

"किंवा मेलेल्या बायकोबद्दल. आता बघ हं. शेवटचं कडवं. ऐन भरात आलाय आणि ताल सोडून देतो. नुसता गळा. काय छाती आहे माणसाची."

ताल थांबला. आवाज एकटाच पुढे निघाला, जरासा अडखळला, सावरला. आणि मागून, लांबून, माणसांचा एक मोठा आनंदाचा गलका उठला.

"लाइट आली," फिओर ओरडली आणि पाण्याचा पंप लावायला धावली.

तिचं ऐकून समोरची इस्त्रीवाली ओरडली, तिचं ऐकून वरच्या मजल्यावरचे ओरडले, बघता बघता सगळ्या गल्लीने टाळ्या पिटल्या. मग सगळे बटणं दाबत बसले आणि कुठे काही पेटेना. कोलमादोच्या दारातून कुणीतरी फिओरच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

"गाण्यातली लाइट आली होती गं," ओदालिस हसून हसून मशीनवर पडली. तेवढ्यात शेजारच्या रादामेसच्या खिडकीची झडप धाडकन बंद झाली. "त्याला बघ. लोकांचं हसणंसुद्धा खपत नाही."

फिओर डोळे पुसत आली. "म्हणजे हा गाणारा आपल्यातलाच कुणी."

"लाइट काय आपल्या एकाच गल्लीची जाते? आणि तू चौकशा करू नकोस. नाव कळलं की ओळख झाली, आणि ओळख झाली की गाणं गेलं. इतक्या वर्षांत असं गाणं हाताला लागलेलं नाही मला. हे मी घालवणार नाही."

फिओर गेल्यावर तिने शनिवारी काय बोलायचं ते जुळवायला घेतलं. कानात इअरफोनची बोंडं घातली की बारीकसारीक सगळं ऐकू येतं. तालाबद्दल दोन वाक्यं झाली, गळ्याबद्दल एक झालं, मग ती त्या गलक्यापाशी आली. गलक्यात जवळची, तारस्वरातली एक बाई वेगळीच ऐकू येत होती.

'बायांनो, माझा फ्रीज वाचला.'

ओदालिसने ते पुन्हा ऐकलं. आपल्यावाचून असं दुसरं कोण ओरडतं, हे ती स्वतःलाच विचारत राहिली, आणि उत्तर तिला काही केल्या चुकवता येईना. तिने कानातलं काढलं. पेडलवर पाय ठेवून मशीन थोडं पळवलं. टकटक टकटक. पाय उचलला. आवाज थांबला.

ताल त्याने सोडलाच नव्हता. लाइट आली म्हणून ती मशीनवरून उठली होती.

तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे रादामेस राहत होता.

बायको गेल्यापासून तो एकटाच होता. दोन वर्षांपूर्वी एकदा टोपी हातात धरून तिच्या दारात आला होता, एक गाणं केलंय म्हणाला. तिने गाणं न ऐकताच नियम ऐकवला. त्याला ते लागलं. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा त्याने आपला जनरेटर नेमका तिच्या खिडकीखाली आणून लावला, आणि तिने भर रस्त्यात सुनावलं की तुमच्या गाण्यापेक्षा हा जनरेटर सुरात असेल. तेव्हापासून बोलणं बंद. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत घरोघरी राजम्याची गोड खीर होते, वाडगी भिंतीवरून इकडची तिकडे जातात. या भिंतीवरून एकही गेली नव्हती. अलीकडे जनरेटर बंद असतो, तो मोडला असेल, देव पावला, असं ती म्हणत आली होती. तो का बंद असतो हे तिला आता कळलं. गल्ली मुकी असते तेवढ्याच वेळात त्याला गाता येत होतं. गल्लीत तेव्हा एकच गोष्ट चालू असे, आणि त्याने ती तालाला घेतली होती.

तिला रडू आलं आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदमच.

शुक्रवारी फिओरला सांगितल्यावाचून राहवलं नाही.

"मग गेलं गाणं," फिओर म्हणाली. "नियम तुझाच."

ओदालिसने काजाचा दोरा तोडला. "ओळख म्हणजे काय गं?" ती म्हणाली. "जो आपल्याशी बोलतो तो ओळखीचा. हा रस्त्यात दिसला तर मान फिरवतो. दोन वर्षांत साधं 'कशी आहेस' नाही. कोलमादोचा कुत्रासुद्धा मला याच्यापेक्षा जास्त ओळखतो."

"अगं, तू तर वकील व्हायची."

"उद्या संध्याकाळपर्यंत आमचं भांडण टिकलं पाहिजे, एवढंच."

आणि नेमका त्याच दुपारी, लाइट गेल्यावर थोड्या वेळाने, फाटकाची कडी वाजली. रादामेस उभा होता. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात झाकलेलं वाडगं.

"शेजारीणबाई," तो म्हणाला, "खीर केलीय. आणि परवा तुमच्याकडे ते जे वाजत होतं ना, त्याबद्दल जरा—"

"थांबा," ओदालिस उठून उभी राहिली. "एक शब्द बोलू नका."

त्याचा चेहरा पडला. "अजून राग आहे म्हणा."

"आहे. उद्या संध्याकाळपर्यंत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही कोण, काय करता, मला काही ठाऊक नाही. कुणी नाही तुम्ही माझे." शेवटचं वाक्य तिने जरा सावकाश म्हटलं. "रविवारी या. रविवारी सगळं बोलू. वाटलं तर भांडू."

फिओर खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होती. रादामेसने तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग मशीनकडे. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"उद्या शनिवार," तो म्हणाला.

"मला काय विचारता? मी अनोळखी माणसांशी बोलत नाही."

"बरं," तो म्हणाला. फाटकापर्यंत गेला आणि परत आला. "पण खीर रविवारपर्यंत टिकायची नाही. माझा फ्रीज तर कधीच गेलाय."

ओदालिसने हात पुढे केला. वाडगं घेतलं, आपल्या फ्रीजमध्ये ठेवलं, दार घट्ट लावलं आणि त्याच्याकडे न बघता मशीनवर येऊन बसली. तो गेला.

गणवेशाची दुसरी बाही अजून तशीच होती. तिने ती मशीनवर सरकवली, सुई खाली सोडली आणि मशीन सुरू केलं. गल्ली चिडीचूप होती. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे गिटारची एक तार वाजली, मग दुसरी, आणि मग गिटार तिच्या मशीनच्या चालीवर आली. तो गाऊ लागला ते कडवं नवीन होतं. फिओर तोंडावर हात धरून बसली. शिवण संपत आली तसं ओदालिसने कापड फिरवून दुसऱ्या बाजूने घेतलं, तिथे काही शिवायचं नव्हतं तरी.

गाणं चढत होतं, तेवढ्यात समोरच्या इस्त्रीवालीने आरोळी ठोकली. या वेळी लाइट खरंच आली. कोलमादोचे कर्णे खरखरले, पंखे फिरले, सगळी गल्ली ओरडली.

"अगं, तुझा फ्रीज," फिओर कुजबुजली.

ओदालिसने पेडलवरचा पाय उचलला नाही.