किल्लीची खूण आणि तेवीस फळ्या

मी एक जुना, दमलेला कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. माझं एक बटण अडकतं, पंखा घरघरतो आणि 'बंद हो' म्हटलं की बंद व्हायला मी दहा मिनिटं घेतो. हसू नका हं! वर्षानुवर्षं जगाची बडबड पोटात घेतली, की तुमचंही असंच होईल.

फेज शहरात, पावाच्या भट्टीला खेटून असलेल्या नेटच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. गल्लीतल्या बायका कणकेचे गोल पाव फळीवर मांडून त्या भट्टीत पाठवायच्या. आपलाच पाव परत यावा म्हणून प्रत्येक घर त्यावर आपली खूण दाबायचं. कुणी कंगवा, कुणी किल्ली, कुणी नुसती तीन बोटं.

माझ्यापुढे रांग लागायची ती दोन साइटींसाठी. पहिली मायक्रोब्लॉगची: एकशेचाळीस अक्षरांत म्हणणं फेकायचं आणि पुढे पळायचं. दुसरी फीड जमवणारी: लोकांनी ठिकठिकाणी टाकलेलं सगळं ती एका जागी आणायची आणि त्याखाली गप्पांना जागा द्यायची. पहिली म्हणजे गच्चीवरून मारलेली हाक, दुसरी म्हणजे भट्टीचा उंबरठा.

एका सोमवारी भट्टीवाल्या बुश्ताची मुलगी इतिमाद धावत आली. भट्टीच्या मालकाने बजावलं होतं, की गुरुवारी वीस घरांच्या फळ्या आल्या तर भट्टी राहील, नाहीतर तिथे पर्यटकांसाठी दुकान! भट्टीच्या भिंतीवरचा खुणांच्या पावांचा जुना फोटो इतिमादने मायक्रोब्लॉगवर टाकला आणि लिहिलं, 'आमची भट्टी वाचवा!' तीनशे जणांनी तो पुढे पाठवला. कुणी विचारलं, 'कुठली भट्टी?' तिने उत्तर देईपर्यंत प्रश्नच वाहून गेला होता. बुधवारी फळ्या आल्या सहा.

"बाबा, तीनशे लोक हळहळले हो!"

"हळहळ भाजता येत नाही, पोरी," बुश्ता म्हणाला.

पण तोच फोटो आपोआप दुसऱ्या साइटवरही जाऊन बसला होता आणि त्याखाली भांडण पेटलं होतं.

"ही किल्लीची खूण आपल्या गल्लीतल्या लल्ला झुहूरबाईंची."

"चल, काहीतरीच! ती आमच्या आईची."

"तुमच्या आईने चोरली असेल!"

"तोंड सांभाळ! थांब, आत्ताच आईला फोन लावतो."

हा आईला फोन लावणारा म्हणजे याच गल्लीतला, पण आता दूर फ्रान्सला, मार्सेलमध्ये राहणारा मुलगा. प्रत्येक उत्तराबरोबर फोटो पुन्हा वर यायचा आणि आणखी कुणीतरी भांडणात उडी घ्यायचं. एक्याण्णव उत्तरं! अख्ख्या गल्लीत फोन खणाणले. आमची खूण चोरीची? गुरुवारी सकाळी एरवी घरी गॅसवर पाव भाजणाऱ्या बायकासुद्धा खूण सिद्ध करायला तणतणत आल्या. फळ्या तेवीस! मालकाने मोजल्या, एक गरम पाव उचलला आणि निघून गेला.

भट्टी वाचली. ती साइट मात्र पुढे विकली गेली आणि एक दिवस बंद पडली. परवा इतिमाद आपल्या लेकीला घेऊन आली होती. लेकीला दाखवायला तिने ते भांडण माझ्यात खूप शोधलं. फोटो सापडला, भांडण नाही. ते साठवून ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं, आणि आपणहून काही जपणं मला कुठे जमतं?

मित्रांनो, गच्चीवरून खुशाल हाका मारा. पण जिथे कुणी थांबून उत्तर देतं, भांडतं, तो उंबरठा जपा. आणि मला पुसायला घ्याल तेव्हा पंख्यावरची भट्टीची राख तेवढी राहू द्या.