गोवराचं सोंग

नाटक कंपनी बुडाल्यावर त्याला मिळालेलं पहिलं काम म्हणजे गोवर होणं. आरोग्य खात्यातल्या डॉक्टरबाई शाळाशाळांतून फिरून मुलांना विषाणू म्हणजे काय, लस कशी काम करते, हे समजावून सांगत. मुलं भाषणाला जांभया देत आणि सुई दिसली की भोकाड पसरत. म्हणून बाईंनी विषाणूचं सोंग शिवून घेतलं आणि आत घालायला माणूस शोधला.

सोंग म्हणजे स्पंजचा भला मोठा लाल गोळा, त्यावर चहूबाजूंनी रबराचे काटे. खालून फक्त गुडघ्यापासूनचे पाय दिसायचे. आत घामाच्या धारा, आणि बघायला डोळ्यांसमोर जाळीची एक फट.

"हा गोवराचा विषाणू," बाई सांगायच्या. "महाआळशी. स्वतःच्या घरी चूल पेटवत नाही. आपल्या शरीरातल्या पेशीत घुसतो, तिच्याच चुलीवर स्वतःच्या हजारो नकला शिजवतो आणि जाताना तिचं घर मोडून जातो."

तो पुठ्ठ्याच्या पेशीत शिरायचा, आतून ढुशा मारून ती फोडायचा. नट चांगला होता. पहिल्या रांगेतलं एखादं पोर घाबरून मागे सरकलं की त्याला अजून रंगमंचावर असल्यासारखं वाटायचं.

पुढे बाईंना मार सुचला.

"लशीत हाच विषाणू असतो, पण दुबळा केलेला. आजार करायची ताकद त्याच्यात उरलेली नसते. शरीर त्याच्याशी लढून घेतं, त्याचं तोंड लक्षात ठेवतं, आणि खरा आला की दारातच धुलाई करतं. चला, कोण कोण करणार धुलाई?"

मुलांच्या हातात काठीला गुंडाळलेल्या स्पंजच्या सुया दिल्या जायच्या. मुलं तुटून पडायची आणि मग हसत-खिदळत बाह्या वर करून सिस्टरांपुढे उभी राहायची. रडारड जवळजवळ थांबली. बाई हरखून गेल्या.

"सगळी तुमची कमाल," त्या त्याला म्हणाल्या. काही मुलं सुई उलटी धरून काठीनेच हाणत, हे त्याने त्यांना सांगितलं नाही.

बायको रात्री सोंगाला टाके घालायची. "एवढं कोण फाडतं हो?"

"विज्ञानाचा विजय झाला की फाटतं," तो म्हणायचा. त्याचा डावा गुडघा जुनाच दुखरा होता, एका नाटकाच्या प्रयोगात पडला होता तेव्हापासूनचा. लेक त्याला तेल चोळून द्यायची. घरी तिला सगळे ठमी म्हणत.

एका संध्याकाळी चोळता चोळता तिने विचारलं, "बाबा, उद्या तू आमच्या शाळेत येणार?"

"हो."

"सोंग काढू नकोस हं. सगळे गेल्याशिवाय काढूच नकोस."

त्याने काढलं नाहीच. पण मागच्या खोलीत ते चढवताना तिच्या वर्गातल्या एका मुलीने दारातून पाहिलं. धुलाईची वेळ आली तेव्हा जाळीतून त्याला दिसलं, ठमीभोवती मुलींचं कोंडाळं झालं होतं.

"तुझेच बाबा आहेत ना आत?"

"नाही."

"शप्पथ?"

"नाहीत म्हटलं ना!"

"मग मार जाऊन."

ती उठली. गर्दीतून वाट काढत आली. बाकीचे वर गोळ्यावर मारत होते. ती खाली बसली, सुई उलटी धरली आणि काठी त्याच्या डाव्या गुडघ्यावर घातली. एकदाच, जीव खाऊन.

तो आडवा झाला. सभागृह टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणलं. बाईंनी माईक घेतला. "पाहिलंत? एकदा ओळख पटली की शरीर बरोबर दुबळ्या जागेवर घाव घालतं!"

मुलं त्याच्यावर चढून नाचू लागली. ठमी थांबली नाही. लशीच्या रांगेत ती सगळ्यांच्या पुढे होती.

मागच्या खोलीत बाई आत आल्या तेव्हा तो भिंतीला धरून उभा होता.

"काय पडलात हो! लागलं नाही ना?"

"छे, अभिनय होता," तो म्हणाला. हे तोंडातून कसं निघालं, त्यालाही कळलं नाही.

"मग रोज असंच पडायचं. आणि ती मुलगी कोण होती? चुणचुणीत आहे. पुढच्या शाळांत तिला बरोबर नेऊ या, मी तिच्या आईवडिलांशी बोलते."

"मला आतून नीट दिसत नाही, बाई."

घरी गुडघा टम्म सुजला. पायरी चुकली, असं त्याने बायकोला सांगितलं.

"ठमे, बाबाचा पाय चोळ जरा."

"माझा हात दुखतोय. लस टोचलीय." ते खरंच होतं. बायकोनेच तेल लावलं.

बायको आत गेल्यावर त्याने ठमीला हळूच विचारलं, "फार चिडवतात का गं?"

"आता नाही चिडवत," ठमी म्हणाली. "आता मला त्यांच्यात घेतात." मग तिने विचारलं, "तू बाईंना सांगितलं नाहीस ना, मी कोण ते?"

"नाही."

"कधीच सांगू नकोस."

"नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी नव्या शाळेत तो लंगडत आत शिरला. बाईंनी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं, वर मारून उपयोग नाही, पायावर मारा. त्या दिवशी एकही मूल रडलं नाही.