टकल्याने दार का लावलं

मी स्पष्टच सांगतो, त्या सिनेमातला टकल्या वाईट नव्हता. अख्ख्या अवकाशयानात नियमाने वागणारा तो एकटाच. यानाचं दार सांभाळणं हे त्याचं काम. पडद्यावर जेमतेम दोन मिनिटं दिसतो बिचारा. सात जण जिवाच्या आकांताने धावत येतात आणि हा त्यांच्या तोंडावर दार लावून घेतो. का लावतो, ते सिनेमावाल्यांनी सांगितलेलंच नाही. सिनेमा आल्यापासून आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही.

माझा साडू म्हणतो, टकल्या शत्रूला फितूर होता. त्याने सिनेमा अकरा वेळा पाहिलाय, तरी अक्कल जिथल्या तिथे. अहो, दार पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही, हे काय लिफ्टवाल्याला सांगावं लागतं? यान म्हणजे मोठी लिफ्टच की!

सतरा वर्षं आम्ही दोघं जोडीने काम करतोय. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे भांडण घरी नेलं तर दोघांचेही जेवायचे वांधे. पण गेल्या महिन्यात एका लिफ्टच्या दाराचं लॉक तपासताना साडूने तात्पुरती वायर जोडली आणि काढायला विसरला. म्हणजे दार उघडं असतानाही लिफ्ट चालणार. दुसऱ्या दिवशी ती मला दिसली. मी काढली आणि रजिस्टरात लिहिलं. साडूची बढती हुकली. तेव्हापासून टकल्याचा विषय सोडला तर तो माझ्याशी अवाक्षर बोलत नाही. आता तर तो दुसऱ्या जोडीत बदली मागतोय, असं मेहुणीकडून कळलं.

परवा आम्ही आमच्याच वर्कशॉपच्या इमारतीतल्या लिफ्टच्या टपावर होतो. रुळांना तेल देता देता साडूने पुन्हा टकल्या काढला. नियमच पाळायचा होता, तर त्याने आधी हाक का मारली नाही? माइक तर हातातच होता म्हणे.

वेळ नव्हता, असं मी म्हणणार होतो. पण वायर सापडली त्या दिवशी माझ्याकडे अख्खी सकाळ होती आणि खिशात फोन होता.

"घाबरला असेल," मी म्हणालो. "लगेच लिहिलं नाही तर आपल्यावरच शेकेल म्हणून."

साडूने तेलाचा डबा खाली ठेवला. "टकल्या कुठे काय लिहितो?"

"मी माझं सांगतोय. मी घाबरलो. नियमबियम सगळं मागाहून सुचलं. आधी तुला सांगायला हवं होतं."

त्याने फडकं घेऊन रूळ पुसला. मग म्हणाला, अर्ज सकाळीच दिलाय, साहेबांची सही व्हायची आहे, थांबवायचा असेल तर तूच जाऊन सांग.

तसाच तेलकट हातांनी मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. सही करू नका म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. नियमात बसणारं एकही कारण सुचेना.

"साहेब, तो गेला तर मला करमणार नाही."

हे वाक्य मी लग्नाच्या बायकोलाही कधी म्हटलेलं नाही. साहेब माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. वळून पाहिलं तर साडू दारात उभा. उद्या जेवणाच्या सुट्टीत टकल्याला विश्रांती मिळणार आणि माझ्या या वाक्याची पाळी येणार, हे मला तेव्हाच कळून चुकलं.