झाकून नेलेला ग्लास

फोन आला तेव्हा कारभारी मखमलाबादच्या मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. बायको, प्रतिभा, भिशीच्या मैत्रिणींबरोबर गोव्याला गेलेली. फोनवर सिंधुबाई होत्या, तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण. त्या नुसत्या रडत होत्या. शेवटी हॉटेलातल्या कोणीतरी फोन घेऊन सांगितलं, की बाई सकाळी उठल्याच नाहीत. झोपेतच हृदय बंद पडलं. कारभारींनी हातातली जुडी बांधून पुरी केली आणि मग ते बांधावर बसले.

ही मे महिन्यातली गोष्ट. दिवसकार्य झालं, मुलगी सायली पुण्याला परत गेली, पावसाळा सरला. सिंधुबाईंचं घर दोन गल्ल्या सोडून, पण तेराव्यानंतर त्या एकदाही आल्या नाहीत. बाजारात कारभारी समोर दिसले की त्या वळून दुसऱ्या ओळीत शिरायच्या. प्रतिभाची शेवटची संध्याकाळ कशी गेली एवढंच कारभारींना ऐकायचं होतं, आणि जिनं ती पाहिली ती बाई थांबतच नव्हती.

दिवाळीनंतर भिशीतल्या सरूबाई भाजी न्यायला मळ्यात आल्या. मेथी निवडता निवडता त्यांना राहवलं नाही.

"दाजी, एक सांगू? रागवायचं नाय."

"सांगा की."

"आम्ही तिला पाजली ओ, गोव्याला. कॉकटेल. एकच ग्लास. सिंधूनं मागवला व्हता, म्हणून ती तोंड लपवत फिरती. तिला वाटतं, तिच्यामुळंच झालं."

कारभारींना हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी. कुणाच्या हळदीत त्यांनी एक बिअर घेतली तरी प्रतिभा त्यांचं अंथरूण बाहेर ओट्यावर टाकायची.

"प्रतिभानं? दारू?" ते म्हणाले. "अहो, डॉक्टर म्हणाले, तिचं हृदय आधीच खराब झालेलं. ग्लासाचा काय संबंध! बरं, आवडली का तिला?"

"लय! म्हणली, घरी गेल्यावर ह्यांना करून पाजते."

"कशाची व्हती?"

"पेरूची. ग्लासाच्या काठाला तिखटमीठ."

सिंधुबाईंना बोलावणं धाडून उपयोग नव्हता. त्या काहीतरी कारण काढून टाळणार, हे कारभारींना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, तोच ग्लास आपण करायचा आणि त्यांच्या दारात न्यायचा. मग राग नाही हे वेगळं सांगावं लागणार नाही.

वाईन शॉपमध्ये जन्मात पहिल्यांदाच पाय ठेवलेला. पोरगा म्हणाला, "कोणती देऊ, काका?" कारभारी म्हणाले, "भिशीच्या बायकांना चालेल अशी." पोरानं न हसता व्होडका दिली. बाटली पालकाच्या गोणीत घालून त्यांनी घरी आणली.

सायली व्हिडिओ कॉलवर शिकवायला बसली.

"साठ मिली व्होडका घ्या, पप्पा. थांबा, ते माप कुठलंय?"

"कृषी सेवा केंद्रातलं."

"पप्पा! ते फवारणीच्या औषधाचं असतं!"

"नवंकोरं हाय गं. मिलीच्या रेघा कशा ठळक आहेत बघ. तूच मिली मिली करतेस ना?"

"ते आधी बाहेर ठेवा!"

मग खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजलं. पेरू शिजवून, चाळणीवर घोटून गर काढला, लिंबू पिळलं, बर्फ घातला. हलवायला ताकाची किटली घेतली. सायली म्हणाली, "जोरात हलवा," आणि कारभारींनी असं हलवलं की झाकण उडून फळीवरच्या डब्यांवर आदळलं. भिंत गुलाबी झाली. सायली पोट धरून हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि ती म्हणाली, "मम्मीनं तुम्हाला आत्ताच्या आत्ता ओट्यावर काढलं असतं."

पहिला ग्लास कडू झाला, दुसरा नुसता गोड. तिसऱ्यात कारभारींनी आपल्या मनानं हिरवी मिरची उभी चिरून टाकली. तो जमला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवीन ग्लास करून त्यांनी तो ताटलीत ठेवला, वर प्रतिभाचा विणलेला रुमाल घातला आणि ते निघाले. गल्लीत शेजारच्या अक्काबाईंनी हटकलंच.

"काय नेताय झाकून?"

"सरबत."

"या थंडीत?"

"औषधी हाय," म्हणून त्यांनी पाय उचलला.

सिंधुबाईंनी दार उघडलं आणि त्यांना बघून पदर तोंडाला लावला. कारभारींनी रुमाल काढला. काठाचं तिखटमीठ बघून सिंधुबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"सरूबाईंनी सांगितलं सगळं," कारभारी म्हणाले. "तुमच्यामुळं काही झालं नाही, सिंधुताई. मरायच्या आधी ती हसली, ते तुमच्यामुळं. चव बघा. हीच का ती?"

सिंधुबाई रडल्या, मग त्यांनी नाक पुसलं, आत सुनेची चाहूल घेतली आणि एक घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"झ्याक झालंय, दाजी. पण हे नव्हं."

"म्हणजे?"

"ती कैरीची व्हती. पेरूची म्हणे! सरूला एका ग्लासानंतर सगळंच पेरूचं लागत व्हतं. वेटरला ती आपल्या गल्लीतले जयरामभाऊ समजत व्हती!"

आणि मग उंबऱ्यावर बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. प्रतिभानं आधी ग्लासाचा वास घेतला, मग इकडंतिकडं बघितलं, मग डोळे मिटून गटकन निम्मा ग्लास संपवला. चपला हातात घेऊन ती वाळूत चालली. रात्री खोलीत म्हणाली, "ह्यांना इतकी वर्षं उगंच ओट्यावर निजवलं गं." कारभारी तिथंच पायरीवर टेकले आणि हे वाक्य त्यांनी दोनदा सांगायला लावलं. ग्लास सिंधुबाईंनी संपवला.

आता गुरुवारी दुपारी सिंधुबाई आणि सरूबाई कारभारींच्या घरी येतात आणि स्वयंपाकघरात बसून प्रतिभाच्या गोष्टी सांगतात. गेल्या खेपेला सरूबाई म्हणाल्या, "लोणच्यातली कैरी धुऊन घेतली तर?"

"तू गप बस," सिंधुबाई म्हणाल्या.

नवी कैरी बाजारात यायला अजून वेळ आहे. प्रतिभाला आवडलेला ग्लास कारभारींनी अजून केलेला नाही.